आहेराच्या माईकवर इन्कम टॅक्स

पेन्शनशिवाय मला एक रुपयाचंही उत्पन्न नाही, हे मी दोन वर्षं अत्यंत प्रामाणिक चेहऱ्यानं सांगत होतो.

जैनथच्या शाळेतून गुरुजी म्हणून निवृत्त झालो आणि लग्नांमध्ये आहेर पुकारायला लागलो. आमच्याकडं कुणी किती आहेर दिला, ते भर मंडपात माईकवर सांगतात. महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवरची लग्नं, त्यामुळे अर्धे पाहुणे मराठी, अर्धे तेलुगू. मी दोन्ही भाषांत पुकारतो. आकडा असा खणखणीत सांगतो, की एकशे एकवाला लाजून दोनशे काढतो. साहजिकच मला मागणी फार (विनय हा माझा विषय कधीच नव्हता).

माझा मेहुणा विलास आदिलाबादला लोकांचे टॅक्सचे कागद भरतो.

"भावजी, लग्नाचे पैसे घेता का?"

"नाई बा. शाल-नारळ देतात. काऊन, त्याच्यावर बी टॅक्स लावून राह्यला का?"

बायकोलाही मी हेच सांगितलं होतं. आपला नवरा समाजसेवा करतो, असं ती माहेरी कौतुकानं सांगायची. मला ऐकायला बरं वाटायचं.

मग गुडीहत्नूरला तिच्या नात्यातलं लग्न आलं. पहिल्या रांगेत बायको, शेजारी विलास बुंदी खात बसलेला. मी ऐन रंगात होतो. तेवढ्यात नवरीचे वडील घाईनं आले आणि माझ्या हातात बिदागीच्या नोटा कोंबल्या. समोर नोटा दिसल्या की माझं तोंड मला विचारत नाही!

"नवरीच्या वडिलांकडून, आपले लाडके गुरुजी यांना, रोख पाच हजार रुपये!"

चूक लक्षात आली. पण सवय ती सवय. तेलुगू पाहुण्यांसाठी लगेच, "ऐदु वेल रूपायलु!"

मंडपानं टाळ्या वाजवल्या. विलासचा बुंदीचा चमचा हवेत थांबला. बायकोनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी विलास लॅपटॉप घेऊन घरी हजर.

"लपवलं तर नोटीस येईन, भावजी. सारं दाखवू, मांगचं बी. धंद्यात खर्च झाला असंन तर सांगा, तो वजा होते."

माझा चेहरा खुलला. "लिही. गाडीचं पेट्रोल, कुर्त्याची इस्त्री, गळ्यासाठी खडीसाखर."

"पेट्रोलचे पैसे कोनं देल्ले?" बायकोनं शांतपणे विचारलं. "इस्त्री कोनं केली? खडीसाखर कोनाच्या डब्यातली?"

मी खिशातली खडीसाखर हळूच लॅपटॉपशेजारी ठेवली.

"मंग ताई, हा तुहाच जोडधंदा झाला," विलास म्हणाला. "भावजीनं तुले पैसे द्याले पाह्यजे."

मी टॅक्स भरला, वर दंडही भरला. आता प्रत्येक लग्नाआधी बायकोच्या हातावर रोख पैसे ठेवतो, तेव्हा कुठं इस्त्रीचा कुर्ता मिळतो. आणि तिचं हे उत्पन्न मर्यादेच्या आत, म्हणून त्यावर एक पैसाही टॅक्स लागत नाही, हे विलास मला दर वेळी हसत समजावून सांगतो.