डिशची मोटर आणि आमचे बाबा

मंडळी, आज सक्करदऱ्यातल्या आमच्या गच्चीवर डिशला मोटर बसवली. आता रिमोट दाबला की डिशनं स्वतःच फिरायचं. इतकी वर्षं ती बाबा हातानं फिरवायचे आणि आई खाली टीव्हीसमोरून ओरडायची, "उमरेडकडं घ्या! आता वर्ध्याकडं!"

वायरी जोडून मी खाली आलो, बटण दाबलं. आई सवयीनं ओरडली, "अजून उमरेडकडं! बस, आलं!" चित्र झकास. मी खूश.

पाना वरच राहिला होता. आणायला गेलो, तर बाबा नट ढिला करून डिश धरून उभे!

"तुही मोटर हालूनच नाही राहिली. मंग मीच फिरवली गा."

मोटरला दोन सॉकेट असतात, एक डिशच्या वायरीचं, एक रिसीव्हरच्या. मी नेमक्या उलट्या लावल्या होत्या. त्या बदलल्या, नट कसला आणि आईला बटण दाबायला सांगितलं. डिश घर्र करत आपली आपण फिरली. बाबा हात मागे घेऊन बघत राहिले.

खालून आई ओरडली, "बस, आलं! थांबा!"

"थांबलो!" बाबांनी वरून ओरडून सांगितलं.

सांगा मंडळी, वायरी परत उलट्या लावू का?