खडकानं प्यायलेलं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि आता तुम्हाला सांगायचं तर — कुठून सुरू करू?

जमिनीतून पाणी किती झिरपतं, हे तपासणं माझं काम. मातीत ते सोपं. भोक पाडायचं, पाणी भरायचं, पातळी किती उतरते ते बघत बसायचं. खडकात मात्र भोकाचा एक टप्पा रबरी सीलनं बंद करून दाबानं पाणी सोडावं लागतं. पनवेलजवळ, शिरढोणच्या बाजूला, एका इमारतीचं तळघर खोदायचं होतं. मातीतलं पाणी जवळजवळ हललंच नाही. घट्ट चिकणमाती. खाली खडकात दाब चढेचना — सोडू तेवढं पाणी आत. म्हणजे एकतर खडकात भेगा, नाहीतर सीलच गळकं.

सील गळत असेल, मी म्हटलं. खरंच वाटलं होतं का तसं? पुन्हा सील बसवून बघायला एक दिवस गेला असता. पण साहेबांना अहवाल हवा होता, आणि मला साहेबांची शाबासकी. मी लिहून टाकलं — खडकही मातीसारखाच घट्ट.

साइटच्या शेजारी राहणाऱ्या आनंदीकाकींनी तेव्हाच विचारलं होतं, "बाय, आमच्या बावीचा पानी जानार नाय ना?" विहिरीला त्या बाव म्हणत.

"नाही हो, काकी."

खोदाई खडकात शिरली आणि भेगांतून पाणी उसळलं. पंप अखंड सुरू झाले. काकींच्या विहिरीनं तळ गाठला. त्यांचा मुलगा नितेश साइटवर भांडायला आला, मागोमाग काकी. साहेबांनी मला पुढे केलं.

मला कळलं होतं — विहिरीचंच पाणी आम्ही उपसत होतो. पंप थांबवा, एवढंच म्हणायचं होतं. पण मी म्हणाले, "यंदा उन्हाळा कडक आहे. सगळीकडेच पाणी खाली गेलंय."

"खोटं बोलताव तुमी!" नितेश अंगावर आला.

काकींनी त्याचा दंड धरला. "गप र! शिकलेली बाय हाय ती. कशाला खोटं बोलंल?" मग माझ्याकडे वळून, ओशाळून — "मनावर नको घेऊ, बाय. तापट हाय तो."

आणि मी? "असू दे, काकी," म्हणाले. माफ केल्यासारखं.

तळघरात आता गाड्या उभ्या असतात. पंप अजून चालतात. विहीर पावसाळ्यानंतरही भरली नाही. काकींचा वांग्यांचा मळा गेला. नितेश कितीतरी दिवस आईशी बोलला नाही, असं कानावर आलं.

नितेश खरं बोलत होता.