मुकी कुऱ्हाड आणि काजळमायचा दिवा

पिंप्राळ्याच्या प्रज्ञाला तुम्ही चष्म्याच्या दुकानात बघितलंही असेल. काउंटरमागे उभी, गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी नीट बसवणारी, मोजकं बोलणारी. ही बाई एका अख्ख्या राज्याच्या जादूचा कायदा सांभाळते असं सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, काहीतरीच काय! पण खरं आहे ते.

त्या राज्याचं नाव निळागड, आणि ते वसलंय एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. जळगाव-धुळ्याकडची काही रिकामटेकडी आणि काही कामात बुडालेली माणसं तिथे मिळून एक गोष्ट लिहितात. प्रत्येकाचं एक पात्र. तुमचा राक्षस काय करतो ते तुम्ही लिहायचं, माझी राणी त्याला काय उत्तर देते ते मी. मजा असते, पण भांडणंही तेवढीच. एकाने आग फेकली की दुसरा खुशाल म्हणतो, मला लागलीच नाही! मग जादू कुठवर चालते, ती करणाऱ्याला काय गमवावं लागतं, हे कोणीतरी ठरवावं लागतं. ते काम प्रज्ञाचं. तिला स्वतःचं पात्र नव्हतं. पंचाने बॅट धरायची नसते, असं ती म्हणायची. आणि तिचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती: मेलेलं पात्र परत येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याची सोनल, नर्स आहे ती, तिची जलराणी एकदा पुरात वाहून गेली. सोनलने रडून रडून विनवण्या केल्या. प्रज्ञा हलली नाही.

तिला या राज्यात आणलं अभिमन नानांनी. पुण्यातली नोकरी आणि पुण्यातला संसार, दोन्ही संपवून प्रज्ञा आईकडे परत आली होती आणि कोणाशी धड बोलत नव्हती. नाना धुळ्याच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले मेकॅनिक. मुलीकडे जळगावला आले की दुकानात चष्मा टाइट करून घ्यायचे. एकदा त्यांनी मोबाइल पुढे केला. "पोरी, एवढं वाचीसन दाखाड." तिने वाचलं, आणि न राहवून म्हणाली, "ही म्हातारी मंत्राने कुलपं उघडते, मग दार कशाला ठोठावते?"

नाना खदखदून हसले. "मंग? आखो काय चुकनं?" कितीतरी महिन्यांनी कोणीतरी तिचं बोलणं ऐकून पुढचं विचारलं होतं. ते उपकार प्रज्ञा कधी विसरली नाही.

ती म्हातारी म्हणजे नानांचं पात्र, काजळमाय. तिचा जीव एका मंतरलेल्या दिव्यात. दुश्मन समोर आला तरी आधी म्हणणार, "पहिले जेवी ले, मंग लढ." हे बोलणं मुळात नानांच्या बायकोचं, कलाबाईंचं. कलाबाई गेल्या, आणि नानांनी त्यांचं बोलणं काजळमायच्या तोंडी चालू ठेवलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं; कोणी उघड बोलत नसे.

आता भूषणचं ऐका. हा रावेरला केळी पॅकिंगमध्ये कामाला. त्याचं पात्र लोह्या नावाचा लोहार, अंगात जादूचा थेंब नाही, त्यामुळे दर लढाईत मार खाणार. शेवटी तो वैतागून प्रज्ञाला म्हणाला, "अक्का, आम्ही बिनजादूच्या माणसांनी नुसतं मरायचंच का?"

म्हणणं रास्त होतं. प्रज्ञा जादू मोडणारं हत्यार घडवायला बसली. आधी मंत्र उलटवणारी तलवार केली; पण मग ती तलवारच जादूची झाली की! ती रद्द. मग आली मुकी कुऱ्हाड. साधं लोखंड. जमिनीवर आपटली की आवाज पोचेल तिथवरचा मंत्र मुका. किंमत अशी, की चालवणाऱ्याच्या जखमा पुढे कुठल्याही मंत्राने भरणार नाहीत. नानांनी त्यात एक भर घातली. "आवाजमां येई ते बठ्ठं. आपला-परका करशी तर ते हत्यार नही, लाड शे." आवाजाच्या टप्प्यात येईल ते सगळं मुकं, आपलं असो की परकं; प्रज्ञाला ते पटलं. तिने दुश्मनाचा एकेक मांत्रिक घेऊन नियम तपासला. आपल्या बाजूचं कोणी तपासायचं सुचलंच नाही.

लढाईत लोह्याने कुऱ्हाड आपटली. मांत्रिक कोसळला. ग्रुपवर फटाक्यांचा पाऊस. आणि त्याखाली नानांचा मेसेज आला: "बठ्ठी जादू गयी, मंग मना दिवा बी गया."

काजळमाय लोह्याच्या शेजारीच उभी होती. प्रज्ञाने नियम पुन्हा वाचून काढला; त्यात आपला-परका नव्हताच. भूषण तर रडकुंडीला आला. "अक्का, मी डिलीट करतो. नजरचूक म्हण ना!" सगळे तेच म्हणाले. सोनल तेवढी गप्प होती, आणि ती का गप्प आहे हे प्रज्ञाला नीट कळत होतं. नानांनी मात्र फोन करून बजावलं, "नियम मोडीसन माले जगाडू नको, पोरी. पण नवं पात्र जमाडाना आते जीव नही. मी थांबस."

ग्रुपची एक रीत आहे. पात्र मेलं की शेवटचं वाक्य लिहायचं नाही. हिवाळ्यात भूषणच्या मळ्यात भरीत पार्टी होते, तिथे ज्याचं त्याने तोंडाने सांगायचं. तोवर ते मेलेलं धरत नाहीत. झालं, नाना काजळमायचा आणि ग्रुपचाही निरोप घ्यायला रावेरला आले.

काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती. भूषणची आई बेबाबाई मिरच्या-लसूण ठेचत होती. दरवर्षी नाना धुळ्याहून घाण्याचं तेल आणायचे. या वेळी बाटली घरीच राहिली, आणि त्या एवढ्याशा गोष्टीने ते पार ओशाळले. बेबाबाई म्हणाली, "राहू द्या हो नाना. तुमच्या वाटचं तेल आज आम्ही घालू. इथे कोणाचं काय ते कोणी बघतं का?"

वांगं सोलता सोलता सोनल थांबली. "अक्का, काजळमायच्या दिव्यात काजळमायनेच तेल घालावं असं कुठे लिहिलंय?"

"मंत्र मुके झालेत, सोनल. दिवा पेटायचा नाही."

"मंत्र हवाय कोणाला? काडीने पेटवू. तेल म्हणून माझ्या आताच्या पात्राच्या आयुष्यातलं एक वर्ष घे. परत मागणार नाही."

"लोह्याची दोन," भूषण ओरडला. मग जाळाभोवतीचा एकेक जण बोलला. कोणी हात आखडता घेतला नाही. नाना नुसते ऐकत होते, चष्मा हातात घेऊन.

सगळे प्रज्ञाकडे बघू लागले. लाड चालणार नव्हता. नियमात बसतं का, एवढंच तिला सांगायचं होतं. किंमत द्यावी लागते, ती खरी द्यावी लागते. पण ती कोणी द्यायची, हे तिने कधी बांधलंच नव्हतं. आणि नानांनी शेवटचं वाक्य अजून म्हटलं नव्हतं.

"बसतं," ती म्हणाली. "सोनल, तुझ्या जलराणीच्या वेळी मी..."

"ते राहू दे. तुझं वर्ष कुठे आहे?"

"माझं पात्रच नाही."

"मग आण की! आम्ही मरायचं आणि तू नुसतं शिट्टी फुंकायची होय?"

हशा पिकला. प्रज्ञाने ओढणीला हात पुसले. असं सगळ्यांदेखत तिने आजवर कधी गोष्टीतलं वाक्य म्हटलं नव्हतं. "निळागडात आज एक बाई आलीये," ती म्हणाली. "लांबून आलीये. तिच्याकडे जादू नाही. तिने आपल्या आयुष्याचं एक वर्ष दिव्यात ओतलं आणि काडी ओढली."

नाना डोळे मिटून बसले. जाळात काड्या तडतडत होत्या. मग त्यांनी डोळे उघडले, प्रज्ञाकडे बघितलं, आणि काजळमायच्या आवाजात म्हणाले,

"वनी का माय? ये, बस. पहिले जेवी ले."

बेबाबाईने पहिलं ताट प्रज्ञाच्या पुढ्यात ठेवलं. ती नानांशेजारी बसली आणि जेवू लागली.