अंगठ्यापुरती वेबसाइट

माणूस चेहऱ्यावरून ओळखावा, फार तर चालीवरून. पण निव्वळ उजव्या अंगठ्यावरून माणूस ओळखणारा अख्ख्या भोपाळात एकच इसम आहे, आणि तो माझा व्याही आहे. कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात; हे वेबसाइट बनवायला शिकले. तीही मोबाइलवर नीट दिसेल अशी. “मोठ्या पडद्यावर काय, कुणीही चांगलं दिसतं,” ते म्हणतात, “तळहाताएवढ्या जागेत शोभेल तो खरा.”

नेहरू नगरात त्यांच्याकडे गेलं की चहाच्या आधी हातात मोबाइल येतो. “हं, दुसऱ्या हातात ही पिशवी धरा आणि नुसत्या अंगठ्यानं पान उघडा बरं.” पिशवीत बटाटे असतात. बटाट्यांसकट जी चालत नाही ती वेबसाइट चालतच नाही, असा त्यांचा सिद्धांत. बटण बारीक दिसलं की विचारतात, “हे मुंग्यांसाठी केलंय का?” बिट्टन मार्केटात तर ते भाजीवाल्यांच्या हातात मोबाइल देऊन अंगठे निरखत उभे राहतात. एकदा कोथिंबीरवाली वैतागली, “अंकल, पहले धनिया ले लो, अंगूठा बाद में देखना!” हे मात्र हरखून आमच्या घरी आले. “व्याही, तिचा अंगठा ओला होता! ओल्या अंगठ्याचा मी विचारच केला नव्हता!” कोथिंबीर तिथेच राहिली. पुठ्ठ्याला मोबाइलएवढी खिडकी पाडून तिच्यातून ते जग वाचतात. माझ्या भाषणाच्या कागदावरही ती सरकवून म्हणाले, “तुमचा मुद्दा चौथ्या पडद्यावर येतो हो. तोवर लोक घरी गेले.”

गणपतीत मोदकांची नोंदणी व्हावी म्हणून आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट त्यांनीच बनवली. उघडली की समोर भाकरीएवढं एकच बटण: ‘मोदक सांगा’. मी मंडळाचा अध्यक्ष. मला ते फार उघडंबोडकं वाटलं. मी फर्मावलं, सर्वांत वर आजवरच्या सगळ्या दिवंगत अध्यक्षांचे फोटो हवेत. “खाली येता येता लोकांचे अंगठे दुखतील हो,” ते हळूच म्हणाले. मी म्हटलं, “परंपरा आहे ती.” मंडळाच्या कॉम्प्युटरवर फोटो एका ओळीत झकास बसले. मोबाइलवर ते एकाखाली एक उभे राहिले, हारांसकट. चतुर्थी जवळ आली तसे फोन सुरू झाले, “अहो, मोदक कुठेयत?” सचिव करवादून सांगत, “कैलासवासींच्या खाली!” कित्येकींनी तर हार पाहूनच, कुणीतरी गेलं समजून, हळहळत वेबसाइट बंद केली. नोंदणी निम्म्यावर आली आणि उकडीसाठी जमलेल्या निम्म्या बायका हात हलवत परतल्या.

पुढच्या सभेत कुणीतरी ओरडलं, “काय इंजिनिअरसाहेब, वेबसाइट बनवली का श्रद्धांजली, भाई?” सभागृह हसलं. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. “माझंच चुकलं,” ते म्हणाले आणि खाली बसले. नंतर मंडळाचं काम त्यांनी सोडलं, ते सोडलंच. मुलीचा बाप मुलाच्या बापाला चारचौघांत खोटं पाडत नाही, ही आमच्यातली जुनी रीत. तिच्या आडोशाला मी आरामात बसून राहिलो. लोक आजही त्यांच्या नावानं तो किस्सा सांगतात.

म्हणून मंडळाच्या अंकासाठी हे लिहिलं: फोटो माझे, हट्ट माझा. त्यांचं बटण बरोबर होतं. परवा त्यांना वाचून दाखवलं.

“छापू नका,” ते म्हणाले. “लोक तुम्हाला हसतील. आमची पोर तुमच्या घरात आहे हो.”

सूनबाईला आमच्या घरी येऊन इतकी वर्षं झाली की मी तिला कधी रागावलो तर माझी बायको मलाच जेवायला वाढत नाही. नातवाला मिसरूड फुटू लागलं आहे. आणि हा माणूस मनानं अजून लग्नाच्या त्या मांडवातच, माझ्यापुढे हात जोडून उभा आहे. मी छापायला देतो आहे. पण ते जोडलेले हात आता खाली घ्या, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगावं, ते मला अजून सुचलेलं नाही.