आईने फेडलेला दिवस

टेम्पो आमच्या पाड्यापर्यंत कधी आलाच नाही. घाटाखाली जिथे डांबर संपायचं तिथे तो उभा राहायचा आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून कान किटवायचा. भात कापून-झोडून झालं, दिवाळी उरकली की आम्ही गाठोडी डोक्यावर घेऊन खाली उतरायचो. मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. पिंपळगावकडे द्राक्षाच्या मळ्यावर कामाला जायचं होतं. आई सोडायला खालपर्यंत आली. रडली-बिडली नाही. टेम्पोच्या फाळक्याला धरून एवढंच म्हणाली, "आवणीच्या टायमाला ये म्हंजे झालं. तेवढं चुकवू नको, लक्ष्या."

आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून खाचरातल्या चिखलात लावायची. सुरगाण्याकडे राहिलेल्या तुम्हा लोकांना हे सांगायला नको. पण आपली जी पोरं नाशकात जन्मली त्यांना सांगावंच लागतं, त्यांना वाटतं तांदूळ पोत्यात पिकतो. हे काम एका घराच्या हाताने होत नाही. रोपं तयार झाली की चार दिवसांत लावावी लागतात, नाहीतर वाया. म्हणून सावड. आज सगळे मिळून आमच्या खाचरात, उद्या शेजारच्या काशाकाकाच्या, परवा त्याच्या भावाच्या. ज्याच्याकडे काम त्याने दुपारची भाकर द्यायची, आणि जितके लोक आपल्याकडे येऊन गेले तितक्यांचा दिवस त्यांच्या शेतात जाऊन फेडायचा. पैशाची भाषाच नाही. आणि घरच्या माणसाचा दिवस कुणी मोजत नाही. मोजला तर तो घरचा कसला?

द्राक्षाच्या मळ्यावर चार-पाच हंगाम काढले. घडांची विरळणी, घड औषधात बुडवणं, मग खुडा. हात हिरवे आणि चिकट. मालक वाईट नव्हता, पण आम्हाला नावाने कधी हाक मारली नाही. आम्ही सगळे मिळून त्याचे 'लेबर'. तरी तो काळ बरा होता असं आता वाटतं. कारण पाऊसकाळ आला की मळ्यावरचं काम आटपायचं आणि आम्ही परत पाड्यावर. हातात रोख पैसा, आणि पाय खाचरात. दोन्ही जमायचं.

मग मला नाशकात अंबडला एका कंपनीत चिकटवून घेतलं. झालं! पाड्यावर केवढा गाजावाजा. लक्ष्या कंपनीत लागला. बाप तेव्हा होता, तो बाजारातून जिलबी घेऊन आला होता. कंपनी मात्र पाऊसकाळ ओळखत नाही. तिथे पाळी ओळखतात, शिफ्टची. पहिल्या वर्षी आवणीला रजा मागितली तर सुपरवायझर म्हणाला, "तू शेतकरी की ऑपरेटर, एकदा ठरव." मी ठरवलं. पगार दर महिन्याला येत होता, लग्न झालं होतं, सुमनला दिवस गेले होते. तुम्ही असता तर काय ठरवलं असतं?

माझ्यामागून काशाकाकाची दोन्ही पोरं आली. मग त्यांचे मेहुणे. कुणी बांधकामावर, कुणी वॉचमन, कुणी हॉटेलात. मीच दोघा-तिघांना खोल्या बघून दिल्या. पैसा पाड्यावर पोचला हे खोटं नाही. कुडाच्या जागी विटा आल्या, पोरांच्या पायात बूट आले, बायका दवाखान्यात बाळंत व्हायला लागल्या. आजारी माणूस झोळीत घालून घाट उतरवायचे ते दिवस गेले, आणि ते बरंच झालं. जुनं ते सगळं गोड असं मी म्हणणार नाही. उपाशी झोपलेलो आहे मी.

इकडे कंपनीत बिहारकडची पोरं ठेकेदाराकडून यायला लागली, आमच्याहून कमी पैशात. आमचे लोक चहाच्या टपरीवर कुरकुरायचे, ह्यांनी आपली मजुरी पाडली. मला हसू यायचं आणि कसंतरीही व्हायचं. पिंपळगावच्या बायका आमच्याबद्दल हेच तर म्हणायच्या, डोंगरातले आले आणि आमची रोजी पाडली. त्यातला एक पोरगा माझ्या शेजारच्या मशीनवर होता. त्याचीही आई धान लावायला एकटीच होती.

बाप गेल्यावर आमची खाचरं आईवर पडली. दोन-तीन वर्षं काशाकाका, काकी आणि उरलेसुरले म्हातारे मिळून कसंबसं ओढत होते. एका पावसाळ्यात काशाकाकाचे गुडघे गेले आणि पोरं त्याला नाशकात घेऊन आली. मग सावडीला माणूसच उरलं नाही. आईने बाजारच्या गावातून फोन लावला. "रोपं पिवळी पडाया लागली रं. कोन नाय." तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

मी काय केलं? जे आपण सगळे करतो ते. पैसे टाकले. पाड्यावर मजूर मिळेना, आसपास मिळेना, तेव्हा नाशकातूनच एक जीप भरून माणसं पाठवली. काय गंमत बघा, डोंगर सोडून नाशकात आलेली माणसं, तीच भाड्याने परत डोंगरात पाठवायची. सुमन म्हणाली, "अहो, एवढ्यात वर्षाचा तांदूळ दुकानातून आला असता." खरं होतं. पण मला तांदूळ नकोच होता. ती खाचरं लावलेली हवी होती. ती हिरवी आहेत तोवर मी तिथला आहे, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं.

आवणी झाली. आठवड्याने आईचा फोन. मला वाटलं, खूश असेल. "मानसं चांगली व्हती. मी उडदाची डाळ केल्ती, भाकरी केल्त्या, पोटभर जेवली. मंग मी इचारलं, तुमची आवनी कव्हा हाय, मी येते. तर हसाया लागली."

"हसणारच ना आई. त्यांना मजुरी दिली मी. त्यांचं शेत कुठंय?"

"तेच म्हनाली. शेतच नाय म्हने. मंग मी फेडू कुठं?"

मी समजावलं. पैसे दिले म्हणजे फिटलं, उलट फेडायचं काही राहत नाही. ती हूं-हूं करत राहिली. शेवटी म्हणाली, "पैसं तू दिलं. माझ्या खाचरात राबले त्यांना मी काय दिलं? पुढल्या साली नको पाठवू." आणि फोन ठेवला. मला भयंकर राग आला. एवढं करून वर हे! ओव्हरटाइमचा पैसा होता तो. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं मी सुमनला म्हणालोसुद्धा.

पुढच्या वर्षी मी रजा काढून स्वतःच गेलो. बिनपगारी. सुमन नुकती तापातून उठली होती, तिला नेलं नाही. मी आणि आई, दोघंच. आमची खाचरं पाच. सकाळपासून अंगावर प्लास्टिकचा कागद घेऊन वाकलो. माझी पाठ दुपारपर्यंतच बोलायला लागली. मशीनसमोर उभं राहून राहून वाकायची सवय मोडली होती. आई मात्र मागे-मागे सरत लावत होती, ओळ सरळ. मध्येच म्हणाली, "तुझी रोपं आडवी पडत्यात." आम्ही दोघंही हसलो. बऱ्याच वर्षांनी असं हसलो असू. अंधार पडेपर्यंत एक खाचर झालं. चार राहिली. मला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं.

ओढ्यावर हातपाय धुताना तिने विचारलं, "तुझ्याकडं कव्हा येऊ?"

"कधीही ये. विचारतेस काय?"

"तसं नाय. दिवस फेडाया."

मला ती थट्टा वाटली. म्हटलं, "ये की. कंपनीत माझ्या मशीनवर उभी राहा." ती हसली नाही. "कंपनीत नको. घरी काय काम असंल ते सांगून ठेव," म्हणाली आणि घागर उचलून चालायला लागली.

भादव्यात एका रविवारी ती सकाळच्या एसटीने आली. चहा घेतला आणि पदर खोचला. सुमनने हात धरला, आई बसा, दमला असाल. ऐकेल तर शपथ! सगळी भांडी काढून घासली. गोधड्या धुतल्या. खालच्या नळावरून पाणी भरलं. खोलीच्या मागे आम्ही पडीक टाकलेली हातभर जागा खणून त्यात वाल टोचले. दुपारी ताट वाढलं तर आत येऊन बसेना. दारातल्या पायरीवर ताट घेऊन जेवली, सावडीचे लोक ओट्यावर जेवतात तशी. पोरांना वाटलं आजी खेळते आहे.

संध्याकाळी तिने हात धुतले, पिशवी उचलली. मी तिला सीबीएसला सोडायला गेलो. स्टँडवर म्हटलं, "आज राहा. उद्या जा."

"फेडाया आलते रं, ऱ्हाया नाय."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. चारचौघांत माझा आवाज चढला. "आई, घरच्या माणसाचा दिवस मोजतात का? मी काय परका आहे?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहानपणी ताप आल्यावर बघायची तशी. "घरचा हायेस तर येतोस का ऱ्हाया? चार खाचरं मोकळी हायेत."

माझ्या मागे हप्ते, पोरांची शाळा, पाळी. तिला माझं उत्तर ठाऊक होतं, म्हणून तिने वाटसुद्धा बघितली नाही. माझ्या गालावरून हात फिरवला, तोच हात आपल्या कपाळाला लावला आणि गाडीत चढली. खिडकीतून म्हणाली, "पगार बुडवून आलतास तू. पाव्हन्याचा दिवस कसा ठिवून घेऊ, लेका?"

त्यानंतर तिने आवणी केली नाही. उतारावर एकटीला झेपेल एवढी नागली-नाचणी करत राहिली, शेवटच्या वर्षापर्यंत. खाचरांत आता गवत वाढतं, आणि सातबाऱ्यावर माझं नाव आहे. तुम्ही जे तिकडे आहात, कधी त्या बांधावरून गेलात तर कुणाची जमीन म्हणून विचारू नका, मला लाज वाटते. तुम्ही जे माझ्यासारखे इकडे आलात, तुमचं तुम्हाला माहीत. माझी पोरं सुट्टीच्या दिवशी अंबडच्या खोलीत पाय पसरून लोळत असतात, सुमन त्यांच्यावर ओरडते, कुणी कुणाचा दिवस मोजत नाही. त्यांचं घर नाशकात झालं. माझं त्या संध्याकाळी एसटीने निघून गेलं.