दादा सोडून

जळालेल्या मोटरीचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर उठत नाही. दादाच्या दुकानात तो चौतीस वर्षं मुक्कामाला होता. भिंतींत होता, दारावरच्या गोणपाटात होता, दुकानामागच्या खोलीत दादा झोपायचा तिथल्या उशीतही होता. मोटर आली की झाकण उघडायच्या आधी दादा नाक पुढं करायचा आणि सांगायचा, "हिच्या पोटात पाणी गेलंय," नाहीतर, "हिला झेपेना इतकं ओढायला लावलंय." हे नाक खोटं पडल्याचं कुणाला आठवत नाही.

त्याचं काम वायंडिंगचं. जळालेली तार छिन्नीनं कापून उपसायची, लोखंडी खाचा घासून लख्ख करायच्या, खाचेखाचेत कागद बसवायचा आणि मग लाकडी साच्यावर तांब्याची नवी तार गुंडाळायची. मोजून. चौसष्ट वेढे म्हणजे चौसष्टच. कमी पडले तर मोटर तापते, जास्त झाले तर खाचेत मावत नाहीत. वेढे मोजताना दादा कुणाशी बोलत नसे. दारात यम येऊन उभा राहिला असता तर त्यालाही त्यानं बोटानं खूण केली असती, थांब जरा, अठ्ठावन्न झालेत.

आईबाप लवकर गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता. मागं दोन भावंडं. भाऊ दहाचा, धाकटी सहाची. दादानं दोघांना वाढवलं. धाकटीच्या वेण्या तो घालायचा. तारेला पीळ घालायची सवय झालेली बोटं ती, असा पीळ बसायचा की बिचारी शाळेत भुवया ताणून बसायची. हे सगळं खरं. पण हे दादानं आयुष्यात किती वेळा बोलून दाखवलं, ते वेढे मात्र त्यानं कधी मोजले नाहीत. पाहुण्यांत सांगितलं, भांडणात सांगितलं, एकदा तापाच्या ग्लानीतही सांगितलं. केलेलं बोलून दाखवलं की त्याची चव जाते. पण हे त्याला सांगणार कोण? त्याच्याहून मोठं घरात कुणी उरलंच नव्हतं.

पुढं भाऊ शिकून लांब गेला, धाकटी लग्न होऊन सहा तासांच्या वाटेवर गेली. दादाची बायको नऊ वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. मग एकदा भाऊनं आपला जुना मोबाइल त्याला दिला आणि 'आपलं घर' नावाच्या ग्रुपमध्ये घातलं. एक्केचाळीस माणसं. चुलत, मावस, आते, सगळी. दादाला वाटलं, उठून गेलेलं घर पुन्हा येऊन बसलं.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला तो फुलाचं चित्र पाठवू लागला. दुपारी नव्यानं भरलेल्या मोटरीचा फोटो. संध्याकाळी आवाजातला निरोप, सात-सात मिनिटांचा, त्यात मध्येच कुकरची शिट्टी आणि खोकला. कुणाचं शुद्धलेखन चुकलं तर सगळ्यांदेखत सुधारायचा. आणि एकदा भावजयीनं, म्हणजे भाऊच्या बायकोनं, आपल्या मुलीसाठी बघितलेल्या मुलाचा फोटो टाकला. बाकीच्यांनी हार-फुलं उधळली. दादानं एका बोटानं, अर्धा तास खपून लिहिलं, "मुलगा बरा आहे. मान आखूड आहे. आखूड मानेची माणसं हट्टी असतात."

त्यावर कुणी काही बोललं नाही. दादाला वाटलं, पटलं.

त्यानंतर ग्रुप हळूहळू शांत झाला. दादा फूल पाठवायचा, दोन खुणा निळ्या व्हायच्या, म्हणजे बघितलेलं असायचं. पण उत्तर नाही. मोटरीचा फोटो, निळ्या खुणा, उत्तर नाही. एकदा त्यानं विचारलं, "सगळे कुठे आहात?" तर दोन दिवसांनी भावजयीचा नुसता अंगठा आला. असे पाच महिने गेले. भरल्या घरात आपणच एकटे बोलतोय आणि बाकीचे भिंतीला टेकून ऐकताहेत, असं त्याला होऊ लागलं.

शेवटी एका सोमवारी सकाळी नऊला दादानं ग्रुप सोडला.

आपल्याकडे रुसून उठणारा माणूस निघून जाण्यासाठी उठत नाही. कुणीतरी हात धरून खाली बसवावं म्हणून उठतो. चपला उगाच सावकाश शोधतो. दादाचंही तेच. ग्रुप सोडल्यावर त्यानं फोन बाकावर, तारेच्या रिळाशेजारी उताणा ठेवला आणि मनाशी ठरवलं, भाऊ, भावजय, धाकटी, तिघांतल्या कुणी एकानं जरी फोन करून विचारलं, "दादा, का गेलास रे?" तरी पुरे. मी लगेच परत येईन. फार ताणणार नाही. फार तर दोन वाक्यं ऐकवीन.

साडेबाराला पिठाच्या गिरणीवाला आला. त्याची मोटर दोन दिवस दुकानात पडून होती.

"दादा, झाली का? लोक दळणाचे डबे माझ्या डोक्यात घालायला निघालेत."

"होईल."

"होईल काय? तुमचं लक्ष तिकडं फोनकडं. मुलगी बघायला गेला होता की काय? होकार यायचाय?"

"तोंड आवर. मोजतोय."

"मोजा, मोजा. किती झाले?"

दादानं हात थांबवला. साच्याकडं बघितलं. आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला आकडा सांगता आला नाही. गिरणीवाल्याचंही हसू उतरलं. तो म्हणाला, "राहू द्या. उद्या येतो," आणि पायरी उतरून गेला. दादानं गुंडाळलेली तार उलगडली आणि एकपासून पुन्हा सुरुवात केली.

फोन दिवसभरात एकदाच वाजला. दादानं तो झडप घालून उचलला. रिचार्ज संपत आल्याचं एक बाई गोड आवाजात सांगत होती. दादानं तिला शेवटपर्यंत बोलू दिलं.

तिकडं काय झालं होतं, ते त्याला संध्याकाळी कळलं.

साडेपाचला रिक्षा थांबली आणि धाकटी उतरली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, हातात कपड्यांची एक पिशवी. एक पाय ओढत ती पायरी चढली, गोणपाट बाजूला केलं आणि बघते तर दादा बाकावर वाकून खाचेत कागद बसवतोय.

तिनं किंकाळी फोडली. पिशवी पडली. मग तिनं पुढं होऊन दादाच्या पाठीत दणादण चार बुक्क्या घातल्या आणि त्याच पाठीला मिठी मारून रडायला लागली.

"अगं काय झालं? घरी काही...?"

"मेल्या, जिवंत आहेस तू!"

"मग काय असायला पाहिजे होतं?"

दादाला तिचं रडणं कळलं नाही, पण आत कुठंतरी ऊन पडलं. आली. फोन नाही केला, स्वतः आली. सहा तासांची वाट तुडवून माझी धाकटी मला विचारायला आली. त्यानं फडक्यानं स्टूल पुसलं, पाण्याचा तांब्या पुढं केला. ती एका दमात अर्धा तांब्या प्यायली आणि एकदम हसत सुटली. ताण सुटलेल्या माणसाचं हसू, थांबता थांबत नाही असं.

"बसमध्ये फोन बंद पडला माझा. लाव बघू आधी. सगळ्यांना सांगायला पाहिजे. अरे, सगळ्यांनी तुला पोचवून टाकलंय!"

फोनला धुगधुगी आली तसे निरोप कोसळायला लागले. तिनं ते भराभर वाचले, कपाळावर हात मारला आणि 'आपलं घर' उघडून फोन त्याच्या हातात दिला. "वाच. असं वाचायला नशीब लागतं."

दादानं चष्मा कपाळावरून खाली ओढला. त्याचाच फोटो होता, कडेनं काळी चौकट. पाच महिने मुकी झालेली एक्केचाळीस माणसं बोलत होती. 'देवमाणूस.' 'कष्टाचा डोंगर.' 'भावपूर्ण आदरांजली', हे एकवीस वेळा, एकानं टाकलेलं दुसऱ्यानं उचललेलं. एका मावसभावानं तर कुठलासा जुना निरोप जसाच्या तसा पुढं ढकलला होता, 'काकूंच्या आत्म्यास शांती लाभो.' आणि भाऊनं लिहिलं होतं, 'माझं छत्र हरपलं. आज मी जो काही आहे तो दादामुळे.'

ते वाक्य दादानं बोट ठेवून दोनदा वाचलं.

"हे भाऊनं स्वतः लिहिलंय?"

"मग काय! स्टेटसलाही ठेवलं होतं लगेच. वहिनीला फोन करायच्या आधी."

"मला कुणी फोन नाही केला."

"गेलेल्या माणसाला कोण फोन करतं रे?" ती पुन्हा हसली. "सगळा माझाच घोळ. कामावर चहाच्या सुट्टीत लॉकरमधून फोन काढला, चष्मा नव्हता. वहिनीनं तू ग्रुपमधून गेलास म्हणून नुसतं 'गेले' लिहिलेलं. आता वरती 'दादा सोडून' आणि खाली 'गेले', मग माणूस काय वाचणार? 'दादा सोडून गेले'! मी तिथंच बसकण मारली. तसंच सगळ्यांना कळवलं. वहिनीच्या ऑफिसात फोन बाहेर ठेवायला लावतात, तिनं चारला बघितलं. तोवर मी बसमध्ये, आणि फोन गेलेला."

दादाही हसला. मग त्यानं हातातला फोन खाली ठेवला.

"वरती 'दादा सोडून' का होतं?"

धाकटीनं पदराला हात पुसले. ओले नसलेले हात.

"का होतं गं?"

"ते... नाव आहे. ग्रुपचं."

वायंडिंगवाल्याच्या दुकानात रस्त्यावरची रहदारी एरवी ऐकू येत नाही, कानाला सवय झालेली असते. त्या वेळी दादाला प्रत्येक सायकल ऐकू आली. त्यानं फोन परत हातात घेतला आणि 'दादा सोडून' उघडलं. ती "नको रे" म्हणाली, पण ओढून घेतला नाही. लहानपणापासून त्याच्या हातातलं काही ओढून घ्यायची तिला सवय नव्हती.

शेवटाकडं भावजयीचं होतं, 'अहो, मी "ग्रुपमधून गेले" म्हटलं होतं!' त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. भाऊचं, 'च्यायला, मी सुट्टी टाकून बसलो.' दादा वर सरकत गेला. सकाळचं आलं. 'गेले.' त्याखाली लगेच, 'एकदाचे. आता तो ग्रुप बंदच करा.' त्यावर एकानं नाचणारा बाहुला टाकलेला. दादा आणखी वर गेला. पुतणीचा साखरपुडा झाला होता, त्याच आखूड मानेच्या मुलाशी. फोटोत सगळे होते. भाऊनं नवं घर घेतलं होतं. आणि धाकटी दवाखान्याच्या खाटेवर, पायाला जाड पट्टी, शेजारी भावजय सफरचंद कापतेय.

"तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं?"

"झाले तीन महिने."

"आता बरा आहे?"

"जिना चढताना दुखतो."

"मला नाही सांगितलं."

"तू सात मिनिटांचा निरोप पाठवला असतास, दादा." ती हे चिडून म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं. "मान आखूड म्हणालास ना, वहिनी दोन दिवस जेवली नाही. मग म्हटलं, एक वेगळा काढू. तात्पुरता. तुला त्रास नको आणि आम्हालाही."

"कुणी काढला?"

तिनं पडलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "नाव गमतीत ठेवलं होतं रे मी."

दादानं चष्मा काढला. त्याच्याकडं बोलायला पुष्कळ होतं. वेण्या होत्या, ताप होते, एकोणीस वर्षं वय होतं. सगळं जिभेवर रांग लावून उभं राहिलं, आणि पहिल्यांदा त्यानं त्यातलं काही पुढं केलं नाही. तो वाट बघत राहिला. अजूनही ती विचारू शकत होती, तू का गेलास? तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"सव्वासहाची गाडी मिळेल का रे? उद्याची रजा नाही मांडलेली. आजची फुकट गेलीच."

"मिळेल," दादा म्हणाला. आणि मग कुणाहीपुढं मान न वाकवलेला तो माणूस, पायाशी पडलेला तारेचा तुकडा उचलायच्या निमित्तानं वाकून, वर न बघता म्हणाला, "मला घे ना त्यात."

"कशात?"

"त्या दुसऱ्यात. मी काही लिहिणार नाही. फूल नाही, मोटर नाही. नुसतं वाचत जाईन."

धाकटीनं खरंच विचार केला. तिच्या मनात कपट नव्हतं, अडचण खरीखुरी होती.

"अरे, पण मग त्याचं नाव काय ठेवायचं?"

नाव 'आपण सगळे' ठेवलं. गाडीत बसायच्या आधी, रिक्षात चढता चढताच तिनं त्याला आत घेतलं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी 'शतायुषी व्हा' लिहिलं, भाऊनं हात जोडले. दुसऱ्या दिवशी एकानं गाण्याचा तुकडा टाकला. तिसऱ्या दिवसापासून काही आलं नाही.

सगळे कुठं गेले असतील, हे दादाला कळत होतं. या वेळी मात्र तो उठला नाही. गिरणीवाल्याची मोटर त्यानं भरून दिली, ती चांगली चालली. पुतणीचं लग्न होऊन गेलं, ते त्याला गिरणीवाल्यानं सांगितलं. त्याच्या मेहुणीच्या स्टेटसला फोटो होता. दादा म्हणाला, "हो, माहीत आहे मला."

शब्द दिल्याप्रमाणं त्यानं तिथं एक अक्षरही लिहिलं नाही. रोज उघडून वाचत मात्र राहिला.