सुमनकाकूंची इंग्रजी कादंबरी

इंग्रजी वाक्प्रचार अडला की सुमनकाकू अर्थ विचारत नसत. "आपल्यात असा कोण आहे?" एवढंच म्हणत आणि पेन्सिल अंबाड्यात खोचून विचार करत बसत.

नाशिक रोडच्या कॉलनीत त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाल्या आणि शिक्षण तिथेच थांबलं. साठीला आल्यावर त्यांनी मुलीची कॉलेजातली एक जाड कादंबरी माळ्यावरून काढली. एक तरी इंग्रजी पुस्तक आपलं आपण शेवटपर्यंत वाचायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. दुपारची भांडी आवरली की रोज एक पान, कधी अर्धंच. मी तेव्हा इंग्रजी घेऊन एम.ए. करत होतो, म्हणून मला जिन्यात गाठत.

पहिल्यांदा गाठलं ते एका नवरदेवावरून. "अरुण, उद्या लग्न आणि आज याचे पाय गार पडलेत. घरात कुणी डॉक्टर का बोलवत नाही?"

'कोल्ड फीट' म्हणजे ऐनवेळी कच खाणं, हे मी सांगणार, तोच त्यांनी हात वर केला. "थांब. पुढे काय करतो ते बघू दे."

दुसऱ्या दिवशी त्या खुशीत होत्या. नवरदेव पळाला होता. समासात त्यांनी लिहिलं होतं, 'बापू'. साखरपुड्याच्या सकाळी मनमाडची गाडी धरणारा हा त्यांचा धाकटा भाऊ.

पुढे समास नात्यातल्या नि कॉलनीतल्या माणसांनी भरत गेला. मी शब्दकोश आणून दिला, तर म्हणाल्या, "यात अर्थ आहेत रे, माणसं कुठेयत?" एकदा दोन भावांच्या भांडणात कुंपणावर बसून राहिलेला काका भेटला. त्याच्या शेजारी माझं नाव होतं. पाण्याच्या वेळेच्या वादात मी दोन्ही मजल्यांना 'तुमचंही बरोबर आहे' म्हणालो होतो. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

"राग आला ना? म्हणजे अर्थ नीट लागला," म्हणत त्यांनी चिवड्याची वाटी पुढे केली.

दोन वर्षं अशी गेली. तीसेक पानं उरली असताना काकूंचं जुनं दुखणं बळावलं आणि त्यांना द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात ठेवलं. पुस्तक हातात पेलेना. पुढची गोष्ट मराठीत सांगतो म्हटलं, तर त्यांनी डोळे वटारले. "माझा पेपर तू लिहिणार का?" मग रोज संध्याकाळी भेटीच्या वेळेत मी इंग्रजीतच सावकाश वाचू लागलो. अडलं की त्या बोट उचलत. माणूस सापडला की नाव सांगत, मी ते समासात लिहीत असे.

शेवटचं पान संपलं.  मला वाटलं, त्या डोळे पुसतील.

"उरकलंय रे मेल्याने," त्या म्हणाल्या. "बाईला तीनशे पानं वाट बघायला लावली, आणि तो पळालेला नवरदेव परत येतो ते दोन ओळींत?"

मी लेखकाची वकिली सुरू केली. संयम, सूचकता, असं परीक्षेत लिहिलेलं सगळं बोललो. त्यांनी एकही मुद्दा मानला नाही. मागचं अमुक पान काढ, तमुक काढ, म्हणत पुरावे देत राहिल्या. वेळ संपल्याचं सांगायला सिस्टर दोनदा येऊन गेल्या.

"उद्या ये, तुला नीट समजावते."

दुसऱ्या दिवशी मी पोचण्याआधीच त्या गेल्या.

तो शेवट मी नंतर कितीदा तरी वाचला आहे. घाईच झाली आहे त्यात.